तगर ते तेर : एका पुनर्रचित नामाचे मूळ आणि व्याकरण

धाराशिव शहराच्या ईशान्येस, तेरणा नदीच्या काठी वसलेल्या तेर या गावाचे नाव आज अवघ्या तीन ध्वनींचे आहे : त, ए आणि र. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी याच गावाच्या नावात सहा ध्वनी होते आणि ते नाव 'तगर' असे लिहिले जात असे, असे इतिहासाचे आणि भाषेचे अभ्यासक मानतात. तगर आणि तेर या दोन टोकांच्या मध्ये जी रूपे होऊन गेली असली पाहिजेत, ती ताम्रपटात शोधून नव्हे तर भाषेच्या नियमांवरून सिद्ध केली जातात, आणि अशा सिद्ध केलेल्या रूपापुढे भाषाशास्त्रात एक तारकाचिन्ह घालण्याची प्रथा आहे. 'हे रूप लेखी उताऱ्यातून घेतलेले नाही, ते पुनर्रचित आहे', एवढाच त्या तारकेचा अर्थ. तगरपासून *तअर, त्यापासून *तयर आणि त्यापासून तेर अशी मांडणी जेव्हा केली जाते, तेव्हा मधल्या दोन रूपांवर तारका येते, कारण त्यांचा आधार नियम हा आहे. हा नियम कसा ठरतो, त्यावर कितपत विसंबता येते आणि एखाद्या नामाचे केवळ ध्वनीच नव्हे तर लिंग आणि विभक्तीही अशा रीतीने मागे नेऊन दाखवता येतात का, हे प्रश्न तेरच्या निमित्ताने मराठी वाचकाला घरच्या उदाहरणावर तपासून पाहता येतात.

या पद्धतीची घडण प्रामुख्याने १९व्या शतकातील युरोपात झाली, आणि तिचा सर्वांत कसोशीने अभ्यासलेला नमुना म्हणजे आदिजर्मानिक ही भाषा. इंग्रजी, जर्मन, डच, डॅनिश, स्वीडिश या भाषांची ती पूर्वज. ख्रिस्तपूर्व पहिल्या सहस्रकाच्या उत्तरार्धात उत्तर जर्मनी आणि दक्षिण स्कँडिनेव्हियाच्या परिसरात ती बोलली जात असावी, पण तिच्यात लिहिलेला एकही ग्रंथ नाही. ती सगळी तिच्या मुलींवरून उभी केलेली आहे. याकोब ग्रिम याने १८२२ साली दाखवून दिले की संस्कृत, ग्रीक, लॅटिन यांतल्या प, त, क या ध्वनींच्या जागी जर्मानिक भाषांत ठरलेले दुसरे ध्वनी येतात, म्हणजे संस्कृत 'पितृ'मधल्या प-च्या जागी इंग्रजी 'फादर'मधला फ येतो. हा नियम बहुतेक ठिकाणी चालला आणि काही ठिकाणी अडला. संस्कृत 'भ्रातृ' आणि 'पितृ' या दोन्ही शब्दांत मध्ये त आहे, तरी जुन्या गॉथिक भाषेत एका ठिकाणी थ-सारखा तर दुसऱ्या ठिकाणी द-सारखा ध्वनी आढळतो. कार्ल व्हेर्नर या डॅनिश अभ्यासकाने १८७७ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात याचे उत्तर दिले आणि ते त्याला वैदिक संस्कृतात सापडले : 'भ्राता' या शब्दात उदात्त स्वर पहिल्या अक्षरावर, त-च्या अगदी आधी आहे, तर 'पिता' या शब्दात तो शेवटच्या अक्षरावर आहे, आणि जर्मानिक ध्वनीत पडलेला फरक नेमका या स्वराघाताच्या जागेवर अवलंबून आहे. वेदपाठकांनी पिढ्यान्‌पिढ्या मुखाने जपलेला उदात्त आणि अनुदात्त यांतला भेद दूर उत्तरेकडच्या एका मृत भाषेचे कोडे सोडवण्याच्या कामी आला, ही गोष्ट भारतीय वाचकाने विसरू नये अशी आहे.

आदिजर्मानिक नामाचे व्याकरणही अशाच तुलनेतून मिळाले. संस्कृत 'वृक' म्हणजे लांडगा, आणि इंग्रजी 'वुल्फ' हा त्याचा लांबचा भाऊ. मराठीत हा शब्द चालू बोलीत राहिला नाही, भीमाच्या 'वृकोदर' या नावात मात्र तो अजून ऐकू येतो. संस्कृतात वृकः ही प्रथमा, वृकम् ही द्वितीया, वृकस्य ही षष्ठी. आदिजर्मानिकात त्यांच्याशी जुळणारी पुनर्रचित रूपे साधारणपणे *वुल्फाज, *वुल्फां आणि *वुल्फास अशी मांडली जातात. द्वितीयेतला शेवटचा अनुनासिक दोन्हीकडे सारखा आहे आणि प्रथमेतला संस्कृत विसर्ग जर्मानिकात ज होऊन उभा आहे, कारण दोहोंच्या मुळाशी स आहे. षष्ठीचे प्रत्यय तंतोतंत एक नाहीत, पण नात्यातले आहेत. आजच्या इंग्रजीने ही सारी विभक्तिरूपे टाकून दिली, फक्त षष्ठीचा स तेवढा शिल्लक ठेवला.

तारांकित रूपे म्हणजे पंडितांची कल्पना, अशी शंका त्या काळीही घेतली गेली, आणि ती अगदीच निराधार नव्हती. आउगुस्ट श्लायशर या जर्मन पंडिताने १८६८ साली संस्कृत, ग्रीक, लॅटिन आणि जर्मानिक यांची समान पूर्वज मानल्या जाणाऱ्या आदिम इंडो-युरोपीय भाषेत मेंढी आणि घोडे यांची एक छोटी बोधकथाच रचून प्रसिद्ध केली, आणि नंतरच्या प्रत्येक पिढीला ती दुरुस्त करून पुन्हा लिहावी लागली. पण पद्धतीच्या बाजूने दोन साक्षीदार असे उभे राहिले की त्यांचे म्हणणे टाळता येत नाही. 'राजा' या अर्थाचा आदिजर्मानिक शब्द अभ्यासकांनी *कुनिंगाज असा ठरवला. जर्मानिक घराण्याशी काही संबंध नसलेल्या फिनिश भाषेत राजाला आजही 'कुनिंगास' म्हणतात. फिनिश लोकांनी हा शब्द प्राचीन काळी शेजाऱ्यांकडून उसना घेतला आणि शेजाऱ्यांनी पुढे झिजवून टाकलेला शेवट आपल्याकडे जसाच्या तसा ठेवला. दुसरा साक्षीदार डेन्मार्कमध्ये गालेहुस येथे १७३४ साली सापडलेले, इसवी सनाच्या ४००च्या सुमाराचे सोन्याचे शिंग. त्यावर रूनी लिपीत कोरलेल्या एका नावात 'गास्टिज' हा अवयव स्पष्ट वाचता येतो, आणि पाहुणा या अर्थाचे पुनर्रचित रूप नेमके *गास्टिज असेच आहे. उसना घेणारा परका आणि जुना कोरीव लेख हे दोन साक्षीदार मिळाले की तारकेला आधार मिळतो. तेरच्या बाबतीत हे दोन्ही उपलब्ध आहेत.

परका साक्षीदार ग्रीक आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या मध्याला एका अज्ञात ग्रीकभाषक व्यापाऱ्याने लिहिलेल्या 'पेरिप्लस' या सागरी मार्गदर्शिकेत भडोच बंदराच्या दक्षिणेकडील दोन मोठ्या बाजारपेठांची नावे येतात : 'पैठाना', म्हणजे आजचे पैठण, आणि तिथून पूर्वेला सुमारे दहा दिवसांच्या वाटेवरचे 'तगारा'. तगाराहून साधे कापड, नाना प्रकारची मलमल आणि इतर माल गाड्यांवर लादून भडोचला नेला जाई, असे तो नोंदवतो. पुढे दुसऱ्या शतकात टॉलेमीच्या भूगोलातही हे नाव येते. देशी साक्षीदार कोरीव लेख आहेत. बदामीच्या चालुक्य घराण्यातील दुसऱ्या पुलकेशीच्या इ. स. ६१२च्या ताम्रपटात दान घेणारा ब्राह्मण तगरचा रहिवासी म्हटलेला आहे, आणि नंतर कोकणात व कोल्हापुरात राज्य करणारे शिलाहार राजे आपल्या लेखांत 'तगरपुरवराधीश्वर' ही पदवी अभिमानाने मिरवतात. तगर हे गाव होते, मोठे होते आणि शिलाहारांच्या आठवणीत ते मूळस्थान होते, एवढे यावरून निश्चित झाले. ते आजचे कोणते गाव, हा वाद मात्र १९वे शतक संपेपर्यंत चालला.

वादात पुढे आलेली नावे पाहिली म्हणजे नुसत्या ध्वनिसाम्यावर विसंबण्याचा धोका कळतो. विल्फर्डला तगारा म्हणजे देवगिरी वाटले, भगवानलाल इंद्रजींनी जुन्नरकडे बोट दाखवले, ग्रँट डफने गोदावरीकाठी बीडच्या बाजूला ते शोधले आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी धारूरचे नाव सुचवले. यांतले बहुतेक आपापल्या विषयातले मोठे अधिकारी होते. भांडारकरांनी तर प्राकृत आणि मराठीच्या ध्वनिपरिवर्तनावर १८७७ साली दिलेली विल्सन व्याख्याने आजही वाचनीय आहेत. तरीही मूळच्या त-चा शब्दारंभी ध होण्यास मराठीच्या इतिहासात आधार नाही, देवगिरीतला द ग्रीक माणसाने त ऐकावा आणि त्यातला व पुरता गाळावा हेही पटण्यासारखे नाही. जॉन फेथफुल फ्लीट या कोरीव लेखांच्या अभ्यासकाने १९०१ साली तगर म्हणजे तेर असे प्रतिपादन केले आणि लगेच नंतर हेन्री कझिन्स याने तेरला जाऊन तिथली विटांची प्राचीन बांधकामे तपासली. तेर पैठणच्या आग्नेयेस सुमारे दीडशे किलोमीटरवर आहे, म्हणजे दिशा आणि अंतर या दोन्ही दृष्टींनी ते पेरिप्लसच्या वर्णनात बसते. आणि ध्वनीच्या दृष्टीने तर वरील सर्व स्थळांपैकी फक्त तेच बसते.

ते कसे बसते, हे थोडे विस्ताराने पाहिले पाहिजे. वररुचीच्या 'प्राकृतप्रकाश' या व्याकरणात सांगितले आहे की क, ग, च, ज, त, द, प, य, व ही व्यंजने शब्दाच्या मध्ये दोन स्वरांच्या बेचक्यात आली तर प्राकृतात बहुधा लोप पावतात. महाराष्ट्री प्राकृत, म्हणजे मराठीची जवळची पूर्वज मानली जाणारी साहित्यिक बोली, या लोपासाठी प्रसिद्धच आहे. तगरमधला ग दोन अ-कारांच्या मध्ये आहे, त्यामुळे तो गळतो आणि *तअर उरते. लागोपाठ आलेले दोन अ उच्चारायला अवघड, म्हणून त्यांच्या मध्ये एक हलका य शिरतो. १२व्या शतकातील वैयाकरण हेमचंद्र याने या हलक्या य-ची वेगळी नोंद केली आहे आणि अभ्यासक त्याला यश्रुती म्हणतात. *तअरचे असे *तयर होते, आणि 'अय' या ध्वनिसमूहाचा पुढे संकोच होऊन ए बनतो. नगर या शब्दाचा प्रवास याच पावलांनी नअर, नयर, नेर असा झाला आणि पारनेर, संगमनेर, अंमळनेर यांसारख्या नावांच्या शेवटी असलेले 'नेर' अनेक अभ्यासक त्याच्याशी जोडतात. कदलीची कयली होऊन केळी झाली, त्रयोदशचे तेरह होऊन तेरा झाले, आणि स्थविर या शब्दातून निघालेला थेर मराठीत 'थेरडा' या काहीशा उद्धट शब्दात राहिला. तेरा ही संख्या आणि तेर हे गाव यांचा परस्परांशी काडीचाही संबंध नाही, पण दोहोंतला ए एकाच रीतीने घडला आहे.

या नियमाचे सर्वांत सुंदर उदाहरण तेरला बाहेरून आणावे लागत नाही. नामदेवांचे समकालीन असलेले आणि वारकरी परंपरेत 'काका' म्हणून वंदिले जाणारे संत गोरा कुंभार हे तेरचे, आणि त्यांची समाधीही तेथेच आहे. कुंभार हा शब्द संस्कृत 'कुंभकार'पासून आला. त्यातला मधला क दोन स्वरांमध्ये सापडून गळाला, कुंभआर झाले आणि मग दोन स्वर एकमेकांत मिसळले. सुवर्णकाराचा सोनार आणि लोहकाराचा लोहार झाला तो याच वाटेने. गोरोबाकाकांच्या व्यवसायाचे नाव आणि त्यांच्या गावाचे नाव ही दोन्ही एकाच नियमाची कार्ये आहेत : एकात क गेला, दुसऱ्यात ग.

ग नेमका केव्हा गेला, या प्रश्नावर पेरिप्लस एक चमत्कारिक प्रकाश टाकते. पैठणचे संस्कृत नाव 'प्रतिष्ठान', प्राकृतात ते पतिट्ठान, पइट्ठाण असे होत गेले. ग्रीक व्यापाऱ्याने लिहिलेल्या 'पैठाना' या रूपात 'प्रति'मधला त आधीच नाहीसा झालेला आहे, म्हणजे त्याने संस्कृत नाव कोणाकडून उतरवून घेतले नव्हते, बाजारातल्या लोकांच्या तोंडचे नाव ऐकले होते. मग त्याच वाक्यातल्या 'तगारा'मध्ये ग कसा टिकला? दोन स्वरांमधले व्यंजन एका रात्रीत गळत नाही. आधी ते सैल होते, जीभ टाळूला पुरती न टेकता हवा घासून बाहेर पडते, आणि मग हळूहळू तेवढाही स्पर्श उरत नाही. त आणि ग यांची ही शिथिलता एकाच वेगाने झाली असे मानण्याचे कारण नाही. शिवाय त्या काळच्या व्यवहारातील ग्रीक भाषेतही ग-चा उच्चार घर्षणाकडे, म्हणजे सैलपणाकडे झुकू लागला होता, त्यामुळे मराठवाड्यातल्या माणसाच्या तोंडचा अर्धवट ग ग्रीक कानाला आपल्या ग-सारखाच वाटला असणे शक्य आहे. असे असेल तर ग्रीक लेखकाने तगरचा जुना, भक्कम ग नव्हे तर गळण्याच्या बेतात असलेला ग टिपला, असे म्हणावे लागेल. हे अनुमान आहे. पण त्याला बाजूच्या 'पैठाना'चा आधार आहे, आणि पुनर्रचनेत एकट्या शब्दापेक्षा शेजारच्या शब्दाची साक्ष नेहमी अधिक मोलाची असते.

कोरीव लेख या कामी मात्र उलट फसवतात. १०व्या ते १२व्या शतकातील शिलाहार लेखांत 'तगरपुर' असे ग-सह लिहिले आहे, म्हणून त्या काळी लोक तगर म्हणत होते असा निष्कर्ष काढला तर तो चुकेल. ते लेख संस्कृतात किंवा संस्कृतप्रचुर भाषेत आहेत, पदव्या परंपरेने चालत आलेल्या आहेत, आणि राजाच्या पदवीत बोलीतले रूप घालणे तेव्हाच्या लेखनिकाला शोभले नसते. बोलीची साक्ष दुसरीकडे मिळते. मुनी कनकामर याने साधारण ११व्या शतकात अपभ्रंश भाषेत रचलेल्या 'करकंडचरिउ' या जैन चरितकाव्यात करकंड राजा दक्षिणेत येतो, तेव्हा 'तेरापुर' या नगराचा आणि जवळच्या धाराशिवच्या लेण्यांचा उल्लेख येतो. हिरालाल जैन यांनी १९३४ साली हे काव्य संपादून प्रसिद्ध केले आणि त्यातील वर्णनाची धाराशिव शहराजवळच्या लेण्यांशी सांगड घातली. भाषेच्या दृष्टीने त्याचे महत्त्व असे की शिलाहार दरबारात तगर लिहिले जात असताना अपभ्रंश कवीच्या लेखणीत तेर हे रूप पूर्ण तयार झालेले होते. ग-चा लोप, य-चा शिरकाव आणि ए-चा संकोच या तिन्ही पायऱ्या ११व्या शतकाच्या आधी पार पडल्या, असे त्यावरून ठामपणे म्हणता येते.

तगर या नावाच्याही मागे जाण्याचा मोह अनेकांना होतो, कारण तगर ही एक वनस्पती आहे. संस्कृत ग्रंथांतले तगर म्हणजे सुगंधी मुळाची एक औषधी, आणि मराठी अंगणातली तगर म्हणजे पांढऱ्या फुलांचे झुडूप. गावाला या वनस्पतीवरून नाव पडले असे म्हणण्यास शब्दाच्या सारखेपणाखेरीज काहीही आधार नाही, आणि देवगिरीच्या वेळी तोच सारखेपणा किती फसवा ठरला हे वर आलेच आहे. या वनस्पतीचे नाव दुसऱ्याच कारणासाठी उपयोगी पडते. तगर या फुलातला ग आजही शाबूत आहे, कारण तो शब्द संस्कृतातून मराठीत पुन्हा नव्याने घेतला गेला; गावाचे नाव लोकांच्या तोंडून अखंड चालत आले, म्हणून झिजले. पहिल्या प्रकारच्या शब्दांना तत्सम आणि दुसऱ्या प्रकारच्या शब्दांना तद्भव म्हणतात, आणि एकाच संस्कृत रूपाची ही दोन अपत्ये मराठीत शेजारी शेजारी नांदतात.

आता या नामाचे व्याकरण. तेर हे आज नपुंसकलिंगी नाम आहे, 'तेर जुने आहे' असेच म्हटले जाते, पण गावांच्या नावांना मराठीत सरसकट नपुंसकलिंग लावण्याची सवय असल्याने यावरून मूळ लिंग ठरत नाही. मूळ शब्द 'तगर' असा अकारान्त असेल तर प्राकृतात त्याची प्रथमा *तअरं, तृतीया *तअरेण, षष्ठी *तअरस्स अशी चालली असती, आणि अपभ्रंशात शेवटी आलेला उ मराठीत गळून तेर उरले असते. पण मूळ शब्द 'तगरा' असा आकारान्त स्त्रीलिंगी असता तरी परिणाम हाच झाला असता, कारण जिह्वाची जीभ आणि खट्वाची खाट होताना शेवटचा आ असाच नाहीसा झाला आहे. ग्रीक 'तगारा'चा शेवट दोन्ही प्रकारे लावता येतो. शिलाहारांचे 'तगरपुर' अकारान्ताच्या बाजूने साक्ष देते, तर कनकामराचे 'तेरापुर' त्यातल्या दीर्घ आ-मुळे स्त्रीलिंगाची शंका जागी ठेवते, जरी पद्यात वृत्तासाठी ऱ्हस्वाचे दीर्घ होणे नवीन नाही. ध्वनी मागे नेणे जेवढे सुकर, तेवढे लिंग मागे नेणे नाही. शब्दाचा शेवट हाच लिंगाचा पत्ता असतो आणि झीज सर्वांत आधी शेवटालाच लागते.

विभक्तीचे तसे नाही. तिच्या खुणा मराठीत फार खोलवर रुतलेल्या आहेत. मराठी नामाला प्रत्यय लागण्यापूर्वी त्याचे जे बदललेले रूप होते त्याला सामान्यरूप म्हणतात : घर, पण घराला, घोडा, पण घोड्याला. हा मधला 'आ' किंवा 'या' बहुतेक अभ्यासक जुन्या षष्ठीचा अवशेष मानतात. संस्कृत गृहस्य या अर्थी प्राकृतात घरस्स, त्यातून पुढे घरा. आणि घोटकस्यपासून घोडअस्स, मग दोन स्वरांच्या मध्ये तोच हलका य येऊन घोड्या. तगरचा ग गेल्यावर जी यश्रुती आली तीच घोटकमधला क गेल्यावर सामान्यरूपात आली, म्हणजे तेरमधला ए आणि घोड्यामधला या यांचे मूळ एकच. ज्यूल ब्लॉक या फ्रेंच पंडिताचा मराठी भाषेच्या घडणीवरील ग्रंथ, ज्याचा मराठी अनुवाद वासुदेव गोपाळ परांजपे यांनी केला, तो सामान्यरूपाच्या या गुंत्यासाठी अजूनही पहिला आधार आहे.

या नियमाप्रमाणे तेरचे सामान्यरूप 'तेरा' व्हायला हवे आणि लोकांनी 'तेराला जातो' म्हणायला हवे. तसे कोणी म्हणत नाही; सगळे 'तेरला' म्हणतात. हा अपवाद तेरचा एकट्याचा नाही, आणि तो पाहण्यासाठी धाराशिव जिल्ह्याचे आठ तालुके पुरेसे आहेत. धाराशिवला, तुळजापूरला, कळंबला, भूमला आणि वाशीला या रूपांत मूळ नावाला धक्का लागत नाही, पण परंडा, उमरगा आणि लोहारा या तिघांचे परंड्याला, उमरग्याला आणि लोहाऱ्याला असे होते. आकारान्त नाव सामान्यरूप घेते, व्यंजनाने संपणारे नाव ते नाकारते, आणि वाशीसारख्या ईकारान्त नावात नदीप्रमाणेच काही बदल दिसत नाही. व्यंजनान्त सामान्यनाम मात्र सामान्यरूप टाळत नाही, हे 'नगर' या शब्दावरून चांगले कळते : कोणत्याही शहराविषयी बोलताना 'नगराला' म्हणतात, पण अहिल्यानगरकडे निघालेला माणूस 'नगरला निघालो' असे सांगतो. एकच शब्द गावाचे नाव झाला की विभक्तीचा जुना आ झटकून टाकतो. नाव ओळखू यावे म्हणून त्याचे अंग शक्य तेवढे अखंड ठेवण्याची ही प्रवृत्ती आहे, आणि तिला परंडा, उमरगा जुमानत नाहीत, कारण आकारान्त शब्दाचे 'या' होणे मराठी माणसाच्या जिभेत इतके मुरलेले आहे की 'परंडाला' हे रूप त्याला परक्याचे वाटते.

ध्वनिनियमाची मर्यादाही सांगितली पाहिजे. तगरचे तेर होऊ शकते एवढेच तो सिद्ध करतो. तगरचे तेर झाले, हे सिद्ध करण्यासाठी जमिनीतून निघालेला पुरावा लागतो. तो तेरमध्ये भरपूर आहे. तेथील त्रिविक्रम मंदिराचा गजपृष्ठाकार भाग विटांचा असून बौद्ध चैत्यगृहाच्या घाटाचा आहे. १९५८ साली चापेकर यांनी केलेल्या उत्खननात आणि नंतरच्या उत्खननांत सातवाहनकालीन वसाहतीचे थर उघडे पडले. रोमन जगाशी असलेल्या व्यापाराच्या खुणा दाखवणाऱ्या वस्तू तेरला सापडल्या, आणि तिथल्या एका हस्तिदंती स्त्रीमूर्तीचे साम्य इ. स. ७९ साली ज्वालामुखीखाली गाडल्या गेलेल्या पाँपेईत मिळालेल्या भारतीय हस्तिदंती मूर्तीशी दाखवले जाते. गावातल्या रामलिंगप्पा लामतुरे यांनी आयुष्यभर जमवलेल्या वस्तूंवर उभे राहिलेले शासकीय संग्रहालय तेरमध्येच आहे आणि त्यातला बराच साठा पांढरीतून, म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकाडांतून, आलेला आहे. भूगोल, ध्वनिनियम आणि उत्खनन ही तिन्ही एकाच गावावर येऊन थांबतात, म्हणून तगर म्हणजे तेर हे समीकरण आज वादाचा विषय राहिलेले नाही.

राल्फ टर्नर यांच्या भारतीय-आर्य भाषांच्या तौलनिक कोशात, ज्याचे मुख्य भाग १९६२ ते १९६६ या काळात प्रसिद्ध झाले, शेकडो शब्दांच्या डोक्यावर तारका आहेत, आणि त्यांतली कोणतीही तारका एखाद्या नव्या लेखामुळे केव्हाही उतरू शकते. तेरच्या पांढरीत ब्राह्मी अक्षरांची खापरे, मृण्मुद्रा, मणी यांसारख्या वस्तू नांगराला आणि पावसाला आजही वर येऊ शकतात. धाब्याच्या छतासाठी किंवा शेतात टाकण्यासाठी ही पांढरी माती खणून नेण्याची जुनी रीत मराठवाड्यात सर्वत्र आहे. अशा मातीत अक्षर कोरलेले खापर कोणाच्या हाती लागले तर ते फेकून न देता आणि विकून न टाकता, ते कोठे व किती खोलीवर मिळाले हे लिहून ठेवून, गावातल्या संग्रहालयात नेऊन द्यावे.